वाचकांचे प्रश्न : फाइल लख्ख, डीव्हीडीत मात्र ठोकळे

या वेळच्या टपालात घरी बनवलेल्या डीव्हीडीबद्दलची पत्रं इतकी आली, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. तक्रार थोड्याफार फरकाने एकच : कॉम्प्युटरवर चांगलं दिसणारं चित्र टीव्हीवर गेल्यावर बिघडतं. बरेच जण दोष कोऱ्या डिस्कला देतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा नुकसान डिस्क राईट होण्याच्या आधीच झालेलं असतं आणि डिस्क बिचारी ते इमानेइतबारे दाखवत असते. वेगळा उल्लेख नसेल तिथे खालचे आकडे आपल्याकडच्या पाल पद्धतीचे आहेत, म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपके आणि सेकंदाला २५ फ्रेम.

प्रश्न : बहिणीच्या लग्नाचं शूटिंग ३ तास ४० मिनिटांचं आहे. शूटिंगवाल्याने दिलेली फाइल लॅपटॉपवर सुंदर दिसते. पण डीव्हीडीत मंगलाष्टकं संपून अक्षता पडायला लागल्या, की अख्खं चित्र ठोकळ्याठोकळ्यांचं होतं. पुढे होम सुरू झाला की पुन्हा ठीक. डिस्क बदलून पाहिली, तीच गत. (एक वाचक, सांगली)

अक्षताच का, याचं उत्तर डीव्हीडीच्या एमपेग-२ पद्धतीत आहे. या पद्धतीत साधारण दर १२ फ्रेमनंतर, म्हणजे जवळपास अर्ध्या सेकंदाने, एक चित्र पूर्ण साठवतात. मधल्या फ्रेममध्ये आधीच्या चित्राहून काय बदललं तेवढंच नोंदवतात. नवरा-नवरी होमासमोर बसलेली असतात तेव्हा बदल थोडा असतो. अक्षता उडाल्या, की पडद्यावर हजारो पांढरे दाणे प्रत्येक फ्रेमला नव्या जागी असतात, त्यात फ्लॅश चमकतात आणि शालूची जर लकाकते. बदल नोंदवायला जागा पुरली नाही, की एन्कोडर (चित्र लहान करून साठवणारा प्रोग्राम) १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकोनातला बारीक तपशील टाकून देतो. तुम्हाला दिसतात ते हेच चौकोन. विसर्जन मिरवणुकीतला गुलाल, कारंजी, धबधबे इथेही हेच होतं.

आता जागा का पुरली नाही ते पाहू. साध्या ४.७ जीबी डिस्कसाठी एक सोपा हिशोब पाठ करून ठेवा : ६०० भागिले एकूण मिनिटं. येणारा आकडा म्हणजे चित्र आणि आवाज मिळून दर सेकंदाला मिळणारे मेगाबिट. ९० मिनिटांना साडेसहा मिळतात, १२० ना ५, १५० ना ४. तुमच्या २२० मिनिटांना जेमतेम २.७ येतात. लग्नासारख्या हलत्या, गर्दीच्या चित्राला पूर्ण आकारात किमान ५ तरी लागतात. थोडक्यात, दोन डिस्कांचा माल तुम्ही एकीत कोंबलाय.

आधी आवाजाची सेटिंग बघा. बरेच प्रोग्राम काही न विचारता आवाज पीसीएममध्ये, म्हणजे मुळीच लहान न करता, ठेवतात आणि तो एकटाच १.५ मेगाबिट खातो. तुमच्या २.७ मधून तो वजा केला, तर चित्राला उरले १.२, म्हणजे जुन्या व्हीसीडीइतके. आवाज डॉल्बी डिजिटल, म्हणजे एसी-३, १९२ किंवा २२४ किलोबिटवर ठेवा. सनई-चौघड्याला तेवढं पुरतं.

मग लग्नाच्या दोन डिस्क करा : सीमंतपूजनापासून मंगलाष्टकांपर्यंत पहिली, पुढचं सगळं दुसरी. प्रत्येकी ११० मिनिटं धरली तर आवाज वजा जाता चित्राला ५.२ मिळतात. एकाच डिस्कचा हट्ट असेल तर ८.५ जीबीची दुहेरी थराची डिस्क घ्या. तिच्यासाठी ६०० च्या जागी १०८० धरा, म्हणजे तुम्हाला ४.९ मिळतील. थर बदलताना काही प्लेअर क्षणभर थबकतात, म्हणून तो बदल दोन प्रसंगांच्या मधे पडेल असं पाहा. आमचं मत विचाराल तर दोन साध्या डिस्क बऱ्या. त्या स्वस्त असतात आणि जुने प्लेअर त्यांच्यावर कमी रुसतात.

एन्कोडिंग दोन फेऱ्यांचं निवडा. पहिल्या फेरीत प्रोग्राम चित्रपट नुसता चाचपतो आणि दुसरीत होमाच्या प्रसंगातून वाचलेले बिट अक्षतांना देतो. एव्हीएसटूडीव्हीडीसारख्या मोफत प्रोग्राममध्ये ही सोय आहे. सरासरी हिशोबाप्रमाणे ठेवा, कमाल ८ मेगाबिट. नियमात चित्राला ९.८ पर्यंत मुभा आहे, पण घरी राईट केलेली डिस्क त्या वेगाने वाचताना जुने प्लेअर अडखळतात.

एक गोष्ट शूटिंगवाल्याला विचारून घ्या : तुम्हाला दिलेली फाइल मूळ एडिटिंगमधून थेट काढलेली आहे का? पुष्कळदा ती आधीच एकदा दाबलेली, म्हणजे तपशील टाकून लहान केलेली, असते. तुम्ही एडिटिंग प्रोग्राममध्ये नावं घालून ती पुन्हा दाबता, मग डीव्हीडीचा प्रोग्राम तिसऱ्यांदा दाबतो, आणि डिस्कवर मावत नाही म्हणून डीव्हीडी श्रिंक हा प्रोग्राम चौथ्यांदा. दर खेपेला आधीच्या ठोकळ्यांच्या कडासुद्धा खरा तपशील समजून जपल्या जातात आणि त्यातच बिट खर्च होतात. मधली फाइल काढावीच लागली तर ती भरपूर मोठी काढा. एचडीसाठी एच.२६४ मध्ये ५० मेगाबिट ठेवले, की तासाला २२.५ जीबी लागतात. काम झालं की पुसून टाका.

प्रश्न : १९९० च्या दशकातल्या घरच्या व्हीएचएस कॅसेट यूएसबी कॅप्चर पट्टीने कॉम्प्युटरवर घेतल्या. चित्रात मुंग्या फार आहेत, खाली तुटक्या रेघांचा पट्टा थरथरतो, आणि अर्ध्या तासानंतर ओठ एक बोलतात, आवाज दुसराच येतो. दोन कॅसेटवर पांढरी बुरशीही दिसते. (रत्नागिरीहून एक वाचिका)

बुरशीच्या कॅसेट आधी बाजूला काढा आणि व्हीसीआरमध्ये घालूच नका. झाकण उचलून टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली, तर ती फिरत्या हेडवर बसते आणि तिथून तुमच्या चांगल्या कॅसेटवर जाते. कोकणातल्या दमट हवेत हे फार दिसतं. अशा कॅसेट जाणकाराकडून साफ करून घ्या. तोपर्यंत बाकीच्यांना त्यांच्या शेजारी ठेवू नका. व्हीसीआरही जपून वापरा. ते बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता मिळतात ते जुनेच.

चांगल्या कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टेपचा ताण सारखा होतो. हेड साफ करायचं तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जाडसर गुळगुळीत कागद भिजवून तो ड्रमवर स्थिर धरा आणि ड्रम हाताने हळू फिरवा. कानातल्या कापसाच्या काडीने वर-खाली घासलंत तर हेड तुटेल. प्रत्येक कॅसेटला ट्रॅकिंग नव्याने जुळवा. व्हीसीआरची अँटेनाची वायर वापरत असाल तर ती सोडा आणि मागच्या पिवळ्या-पांढऱ्या पिनांवरून चित्र-आवाज घ्या.

आवाज सरकतो त्याचं कारण जवळपास नेहमी गळलेल्या फ्रेम हेच असतं. जुन्या टेपची वेळ डळमळीत असते. कॅप्चर पट्टीला एखादी फ्रेम धड लागली नाही की ती टाकून देते, आवाज मात्र अखंड येत राहतो. दीडशे फ्रेम गळल्या की ६ सेकंदांचा फरक पडला. व्हर्च्युअलडब या प्रोग्राममध्ये कॅप्चर केलंत तर गळलेल्या फ्रेमचा आकडा शेजारी दिसत राहतो. तो वाढतोय असं दिसलं तर थांबा. कॅप्चर बाहेरच्या संथ पेनड्राइव्हवर न घेता कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर घ्या, पट्टी हबमध्ये न लावता थेट लावा, त्या वेळात दुसरं काही चालवू नका. तरीही गळत असतील तर दोष टेपच्या वेळेत आहे. मग टाइम बेस करेक्टर, म्हणजे ही डळमळीत वेळ सावरणारा डबा, लागतो. तो महाग आहे, पण जुना डीव्हीडी रेकॉर्डर कुठे मिळाला आणि त्यातून सिग्नल नुसता आरपार नेता आला, तर अनेकदा तोही हे काम बऱ्यापैकी करतो.

पट्टीसोबत आलेल्या सीडीतला प्रोग्राम वापरू नका, हे आम्ही जरा जोर देऊन सांगतो. तो बहुतेक वेळा तिथल्या तिथे कमी बिटरेटच्या एमपेगमध्ये दाबतो. त्याऐवजी ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत विभागलेली), आणि हफवाययूव्हीसारखा काहीही न गमावणारा कोडेक, म्हणजे चित्र साठवण्याची पद्धत, घ्या. तासाला ३० ते ४० जीबी जागा लागेल, पण ती तात्पुरती.

मुंग्या काढायच्या त्या नुसत्या दिसायला वाईट म्हणून नव्हे. वरच्या उत्तरातल्या अक्षता आठवा : मुंगी ही प्रत्येक फ्रेमला नव्या जागी पडणारी अक्षताच. एन्कोडर तिच्यावर बिट उधळतो आणि माणसांचे चेहरे उपाशी राहतात. म्हणून एन्कोडिंगआधी हलका डीनॉइज फिल्टर लावा, लागून असलेल्या फ्रेमची तुलना करणारा. जोर जास्त झाला की चेहरे मेणाचे होतात आणि हलत्या हातामागे शेपटी दिसते. तिथून एक पायरी मागे या.

खालचा थरथरता पट्टा हा बिघाड नाही. व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्यावर जातो त्याची ती खूण आहे आणि ती प्रत्येक कॅसेटमध्ये असते. जुन्या डबा टीव्हीची चौकट कडा झाकायची म्हणून आपल्याला कधी दिसली नाही. तेवढ्या ८ ते १६ ओळींवर काळी पट्टी टाका. कापून चित्र उभं ताणू नका, त्याने इंटरलेसिंगची वीण विस्कटते.

आणि पूर्ण आकाराचा आग्रह सोडा. व्हीएचएसवर आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा असतो. डीव्हीडीच्या नियमात ३५२ बाय ५७६ हा आकारही बसतो. त्यात व्हीएचएसमधलं फारसं काही हरवत नाही आणि ठिपके निम्मे झाल्याने ३ ते ३.३ मेगाबिटमध्ये चित्र स्वच्छ राहतं. तीन तासांची अख्खी कॅसेट एका साध्या डिस्कवर येते.

प्रश्न : मिनीडीव्ही कॅमेऱ्याने घेतलेलं शाळेच्या संमेलनातलं लेझीम डीव्हीडीवर थरथरतं. उभी असलेली मुलं ठीक, नाचणारी मात्र पुढे-मागे झटके खातात. लॅपटॉपवर असं होत नाही. (नागपूरचे एक शिक्षक)

हा फील्डच्या क्रमाचा घोळ आहे आणि तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की दुसरी शंका घ्यायला जागा नाही. पाल चित्राच्या प्रत्येक फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं, म्हणजे फील्ड, असतात, एक वरपासूनच्या एकाआड एक ओळींचं, दुसरं उरलेल्या ओळींचं. दोघांत एक पन्नासांश सेकंदाचं अंतर असतं. मिनीडीव्ही खालचं फील्ड आधी लिहितो. डीव्हीडीचे बहुतेक प्रोग्राम वरचं आधी आहे असं गृहीत धरतात. मग टीव्ही नंतरचा क्षण आधी दाखवतो आणि आधीचा नंतर. स्थिर वस्तूला फरक पडत नाही, लेझीम मात्र दोन पावलं पुढे, एक मागे जातं. लॅपटॉपवरचे प्लेअर दोन्ही फील्ड एकत्र मिसळून दाखवतात, म्हणून तिथे चोरी पकडली जात नाही.

प्रोग्राममध्ये मूळ चित्राचा क्रम 'खालचं आधी' असा निवडून पुन्हा एन्कोड करा. बस. या कारणासाठी डीइंटरलेस करू नका, म्हणजे दोन अर्ध्या चित्रांची एक सलग फ्रेम करू नका. झटके जातील खरे, पण सेकंदाला ५० क्षणांचे २५ उरतील आणि लेझिमाची गती मरेल. लॅपटॉपवर चित्र थांबवल्यावर हलत्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसले तर घाबरू नका, इंटरलेस्ड चित्र थांबवलं की असंच दिसतं.

दुसऱ्या एका पत्रात एचडी हँडीकॅमच्या १०८० इंटरलेस्ड चित्राबद्दल असंच विचारलं आहे. तिथे क्रम वरचाच असतो, गोंधळ आकार लहान करताना होतो. १०८० ओळींच्या ५७६ करताना दोन्ही फील्डच्या ओळी एकमेकींत कालवल्या जातात. आधी यादिफसारख्या फिल्टरने दुप्पट गतीने, म्हणजे ५० फ्रेमवर डीइंटरलेस करा, मग लहान करा, शेवटी पुन्हा इंटरलेस्ड एन्कोड करा.

मिनीडीव्हीबद्दल जाता जाता : टेप फायरवायर केबलने घ्या. तासाला सुमारे १३ जीबी लागतात आणि नक्कल टेपवरच्या माहितीची जशीच्या तशी होते. अनेक कॅमेऱ्यांची यूएसबी वेबकॅमसारखं छोटं चित्र देण्यापुरतीच असते. तिच्यातून घेतलेल्या चित्राची डीव्हीडी कशीही केली तरी धुरकटच येणार.

प्रश्न : आईच्या पंचाहत्तरीला सगळ्या नातेवाइकांनी मोबाइलवर व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर पाठवले. त्यांची डीव्हीडी अगदी पुसट आली. शिवाय उभे व्हिडिओ मधे चिंचोळे दिसतात आणि चालताना माणसं अडखळतात. (नाशिकहून एक वाचिका)

पुसटपणाचा मुख्य दोषी व्हॉट्सॲपच. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबूनच जातो. सगळ्यांना तोच व्हिडिओ 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. २०२२ पासून २ जीबीपर्यंतची फाइल अशी जाते आणि तिला हात लागत नाही. ज्यांनी मूळ पुसून टाकलं असेल त्यांच्या बाबतीत इलाज नाही. त्यांचे व्हिडिओ डिस्कवर असतील तसेच ठेवा, धार वाढवायला जाऊ नका.

उभ्या व्हिडिओचं गणित क्रूर आहे. डीव्हीडीचा रुंद पडदा चौरस ठिपक्यांत मोजला तर १०२४ बाय ५७६ होतो. त्यात उभं चित्र बसवलं की त्याच्या वाट्याला ३२४ ठिपक्यांची रुंदी येते, पडद्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. मग तीन व्हिडिओ शेजारी-शेजारी का लावू नयेत? तीन गुणिले ३२४ म्हणजे ९७२, अगदी बेतात बसतात. तीन मावश्या एका वेळी शुभेच्छा देताहेत असं दृश्य पंचाहत्तरीला शोभूनही दिसेल. आवाज मात्र एका वेळी एकीचाच ठेवा!

अडखळण्याचं कारण : मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेतो, पाल डीव्हीडीत २५ मावतात. प्रोग्राम दर सहावी फ्रेम गाळतो, म्हणजे सेकंदाला पाच ठेचा. सगळंच मोबाइलचं असेल तर एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीची, डिस्क करा : ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. ओळी ९६ कमी मिळतात, पण हालचाल गुळगुळीत होते, आणि आपल्याकडचे बहुतेक डीव्हीडी प्लेअर ती डिस्क चालवतात. मोबाइलची फ्रेमगती आतल्या आत कमी-जास्तही होते आणि त्याने आवाज सरकतो. म्हणून आधी हँडब्रेकमध्ये स्थिर फ्रेमगती निवडून, दर्जाचा आकडा १४ च्या आसपास ठेवून फाइल काढून घ्या.

काही व्हिडिओंचे रंग फिके, राखाडी आले असतील तर ते एचडीआरमध्ये, म्हणजे जास्त उजेड-रंगांच्या पद्धतीत, घेतलेले असणार. आयफोन १२ आणि पुढच्या फोनमध्ये ते मुळातच चालू असतं. एडिटिंग प्रोग्राममध्ये ते साध्या रंगात, म्हणजे एसडीआर रेक. ७०९ मध्ये आणून मगच डीव्हीडीकडे न्या.

प्रश्न : पुण्याहून मुंजीची डीव्हीडी आली. इथल्या प्लेअरवर एक तर चालत नाही किंवा काळं-पांढरं, घरंगळणारं चित्र दिसतं. रिजन कोडची भानगड आहे का? (न्यू जर्सीहून एक वाचक)

नाही. घरी केलेल्या डिस्कला रिजन कोड, म्हणजे डिस्क कुठल्या देशांत चालावी याचं कुलूप, नसतो. तुमची डिस्क पाल आहे आणि अमेरिकेत विकले जाणारे बरेच प्लेअर फक्त एनटीएससी जाणतात. कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये ती लगेच चालेल. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडला तर रूपांतराची गरजच नाही. डिस्कच हवी असेल तर तिच्यावरून रूपांतर करून घेऊ नका. पुण्याला सांगून मूळ एडिटिंग फाइलमधून नवी एनटीएससी डिस्क करून मागवा. पाल डिस्कच्या २५ फ्रेमच्या ३० करताना प्रोग्राम शेजारच्या फ्रेम मिसळतो आणि हलत्या माणसाची सावली पडते, शिवाय दुसऱ्यांदा दाबलं जातं ते वेगळंच.

प्रश्न : जुन्या टीव्हीवर छान दिसणारी आमची डीव्हीडी नव्या ५५ इंची ४के टीव्हीवर धुरकट दिसते. डिस्क खराब झाली का? (ठाणे)

डिस्क आहे तशीच आहे. डीव्हीडीच्या एका फ्रेममध्ये ४,१४,७२० ठिपके असतात आणि ४के पडद्यावर बरोबर त्याच्या २० पट. प्रत्येक ठिपक्यामागे १९ ठिपके टीव्हीने कल्पनेने भरलेले आहेत. तरी दोन गोष्टी करा. प्लेअर पिवळ्या पिनेने जोडला असेल तर रंग कडेबाहेर सांडतात आणि बारीक जाळी दिसते, म्हणून एचडीएमआय किंवा लाल-हिरव्या-निळ्या पिनांची कॉम्पोनंट जोडणी वापरा. आणि टीव्हीची शार्पनेस शून्याजवळ आणा. ती वाढवली की तपशील येत नाही, ठोकळ्यांच्या कडा तेवढ्या ठसठशीत होतात. मग बाजारातून आणलेली एखाद्या चित्रपटाची डीव्हीडी लावून पाहा. ती चांगली आणि तुमची वाईट दिसली, तरच एन्कोडिंगचा दोष शोधा. माणसं आडवी फुगलेली किंवा काडीसारखी दिसत असतील तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार १६:९ निवडा.

प्रश्न : पहिला एक तास उत्तम, मग चित्र गोठतं, तुटतं. कधी प्लेअर डिस्क ओळखतच नाही. (मडगाव आणि कोल्हापूर येथून दोन पत्रं)

आधी दोष कुठला ते ठरवा. एन्कोड झालेलं व्हिडिओ-टीएस फोल्डर (डीव्हीडीचा सगळा व्हिडिओ ठेवणारं) हार्ड डिस्कवरून व्हीएलसीमध्ये त्याच जागी चालवा. तिथेही तुटत असेल तर एन्कोडिंग बिघडलंय. तिथे नीट असेल तर दोष राईट करण्यात किंवा डिस्कमध्ये आहे.

शेवटी-शेवटी तुटण्याला सरळ कारण आहे. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि बाहेरच्या कडेला डिस्क जास्त डुगडुगते, तिथला रंगद्रव्याचा थरही अनेकदा असमान असतो. ४.७ जीबी म्हणजे विंडोजच्या भाषेत ४.३७. त्यातले ४.२ च भरा आणि कड मोकळी सोडा. १६ पट वेगाच्या डिस्क ८ पटीवर राईट करा. सर्वांत हळू म्हणजे सर्वांत चांगलं ही समजूत आताच्या डिस्कना लागू नाही. इमगबर्न या प्रोग्राममध्ये राईट झाल्यावर पडताळणीची खूण चालू ठेवा. पडताळणी शेवटच्या टप्प्यात मंदावली किंवा अडकली तर ती डिस्क कुणाला देऊ नका.

डिस्कवर कागदी गोल स्टिकर चिकटवत असाल तर बंद करा. तोल जातो, गरम झाल्यावर कागद आक्रसतो आणि डिस्क वाकते. 'एक तास उत्तम' या तक्रारीमागे हे कारण आम्हाला वाटतं त्याहून जास्त वेळा निघतं. नाव पाण्याच्या शाईच्या मऊ मार्करने लिहा. जुना प्लेअर ओळखत नसेल तर डीव्हीडी-आर वापरून पाहा, किंवा डीव्हीडी+आर राईट करताना तिचा बुकटाइप (प्लेअरला डिस्कचा प्रकार सांगणारी नोंद) डीव्हीडी-रॉम करा. ड्राइव्हला जमत असेल तर इमगबर्नमध्ये ती सोय आहे.

प्रश्न : आजोबांच्या फोटोंची डीव्हीडी केली. फोटो १२ मेगापिक्सेलचे, पण टीव्हीवर धोतराचे काठ आणि खिडकीचे गज लुकलुकतात. (सातारा)

एका ओळीइतकी बारीक आडवी रेघ फक्त एका फील्डमध्ये येते, म्हणून ती सेकंदाला २५ वेळा दिसते आणि नाहीशी होते. फोटो लहान करताना उभ्या दिशेने अगदी हलका ब्लर द्या, बऱ्याच प्रोग्राममध्ये त्याला फ्लिकर फिल्टर म्हणतात. हळू झूम आणि सरकते फोटो शक्यतो टाळा, लुकलुक त्यांनीच वाढते. तुमच्या फोटोतला दर २९ ठिपक्यांमागे एकच डीव्हीडीत उरतो, म्हणून मूळ फोटो त्याच डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून द्या. प्लेअर त्याकडे लक्ष देत नाही, कॉम्प्युटरला मात्र ते मिळतात.

प्रश्न : जुन्या हँडीकॅमच्या छोट्या ८ सेंटिमीटर डिस्क आहेत. कॉम्प्युटर त्या कोऱ्या आहेत म्हणतो. फॉरमॅट करू का? (अकोला)

मुळीच करू नका! त्या फायनलाइझ झालेल्या नाहीत, म्हणजे रेकॉर्डिंग संपल्याची शेवटची नोंद त्यांच्यावर झालेली नाही, एवढंच. ज्या कॅमेऱ्याने घेतल्या तोच, किंवा त्याच कंपनीचा त्या काळातला दुसरा कॅमेरा मिळवा. बॅटरीच्या भरवशावर न राहता चार्जर लावून ठेवा, कारण मधे वीज गेली तर डिस्क कायमची अडकू शकते. मग मेनूतून फायनलाइझ करा. वाचताना ट्रे असलेलाच ड्राइव्ह वापरा. फटीत सरकवायच्या ड्राइव्हमध्ये छोटी डिस्क अडकते. पुढे व्हिडिओ-टीएस फोल्डर हार्ड डिस्कवर जसंच्या तसं उतरवा. त्यातला व्हिडिओ आधीच डीव्हीडीच्या नियमातला एमपेग-२ असतो, म्हणून अनेक छोट्या डिस्क एका मोठीवर आणताना डीव्हीडीस्टायलरमध्ये चित्र आणि आवाज दोन्हींसाठी 'कॉपी' निवडा. प्रोग्राम पुन्हा एन्कोड करायला बसला, की काही मिनिटांचं काम तासावर जातं. घड्याळ तसं दिसलं तर थांबवून सेटिंग पुन्हा पाहा.